बटणवालीचा शेवट

प्रिय धाकट्या,

पन्नाशी उलटलेल्या, कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या माणसाला 'धाकट्या' म्हणणं हसण्यासारखं आहे, पण माझ्या तोंडी तुझ्यासाठी दुसरं काही येतच नाही. मेल पाठवली की तू ती एका ओळीत निकालात काढतोस. फोनवर आपण दोघं हवापाणी, गुडघे आणि रक्तदाब यांच्या पलीकडे जात नाही. म्हणून हे कागदावर लिहितेय. कागदाला पटकन उलट उत्तर देता येत नाही, एवढा तरी फायदा. अक्षर लागलं नाही तर भिंग घे, पण शेवटपर्यंत वाच. मधेच सोडायची तुझी सवय मला माहीत आहे.

आधी बातम्या. बाबा बरे आहेत असं लिहिणार होते, पण तुला खोटं कशाला लिहू. डॉक्टर आता औषधं वाढवत नाहीत, उलट एकेक काढून टाकतायत. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको, जन्म प्रयोगशाळेत गेलाय माझा. डोळ्यांनी फक्त कडेकडेचं दिसतं, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. जेवण म्हणजे चिमणीचं खाणं झालंय. कान मात्र तल्लख आहेत, नको इतके. आईच्या खोलीत, आईच्या त्या लोखंडी पलंगावर झोपतात. पुढची खोली उजेडाची आहे, तिथे हलवते म्हटलं, तर म्हणाले, "इथंच बरंय. तिला शोधावं लागायला नको." मी चादर सारखी केल्यासारखं केलं आणि बाहेर आले.

तुला बाबांची ती पुस्तकं डोळ्यांसमोर नकोत हे मला ठाऊक आहे. तरी ती आल्याशिवाय हे पत्र पुढे सरकणार नाही. बाहेरच्या माणसाला आपलं घर समजावून सांगायचं झालं तर मला अजूनही कठीण जातं. दिवसभर छापखान्यात प्रूफं तपासणारा एक माणूस, पगार बेताचा, शर्टाची कॉलर उलटी शिवून परत वापरणारा, आणि तो जमवतो काय, तर शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन वास्तववादी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या. त्या देशात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. पण तिथल्या एखाद्या गावातल्या चांभाराला पहाटे किती थंडी वाजत असे, हे ते आपल्याला शेजारच्या बिऱ्हाडाची बातमी सांगावी तसं सांगायचे. "यात भूत नाही, राजवाडा नाही, जत्रेत हरवलेला भाऊ नाही," असं त्यांचं पालुपद. "बाजारात जाणारी बाई आहे, कामावरून परत येणारा माणूस आहे, आणि त्यांचं जे होतं ते होतं." त्यावर आईचं उत्तर ठरलेलं होतं, "मग विकत कशाला घ्यायचं? खिडकीतून बघा की."

आणि त्यांचं ते चुकांचं वेड. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन चूक असलेलं पुस्तक छातीशी धरायचं. पहिल्या छपाईत राहून गेलेली चूक पुढच्या छपाईत दुरुस्त होते, म्हणून चुकीची प्रत आधीची, म्हणून ती मोलाची, हे आपण पाढ्यांच्या आधी शिकलो. तुझ्या शाळेच्या वहीत बाईंनी लाल रेघा मारल्या होत्या तेव्हा तू ती वही त्यांच्यापुढे धरून म्हणालास, "बाबा, ही पहिली आवृत्ती आहे." ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तुला हे आठवतं की नाही कुणास ठाऊक. त्या घरात तुम्ही दोघं मिळून हसायचात असंही होत होतं, एवढंच मला म्हणायचंय.

पण सगळ्यात वरचा मान मिटलेल्या पुस्तकांचा. हा शब्द आपल्याच घरातला असावा, मी दुसरीकडे ऐकला नाही. त्या काळी मोठा कागद छापून, त्याची घडी घालून शिवायचे. घड्यांच्या कडा वाचणाऱ्याने स्वतः सुरीने कापायच्या आणि वाचत पुढे जायचं. ज्या प्रतीच्या कडा कुणीच कापल्या नाहीत ती मिटलेली. म्हणजे एवढ्या वर्षांत तिच्यात कुणीही डोकावलेलं नाही. अशी प्रत हाती लागली की बाबा दोनदा हात धुऊन, पुसून, वाळवून मगच तिला हात लावत. ती कापणं हे आपल्या घरातलं महापाप होतं. चोरी केली असती तर एखादे वेळी माफी मिळाली असती. म्हणून बरीच पुस्तकं आपल्याकडे दोनदा असायची, एक फाटकी वाचायला आणि एक कोरी न वाचायला. आई म्हणायची, "बायकोही अशीच दोनदा करायची होती. एक कामाला, एक कपाटात."

आता लिहिते त्याला हसू नकोस. दुपारी जेवणं झाली, भांडी आवरली, रस्त्यावरचा आवाज कमी झाला की आईच्या खोलीत टकटक होते. लोखंडावर काहीतरी बारीक आपटल्यासारखी. दोनदा वाजते, थांबते, पुन्हा दोनदा वाजते. तुला ओळखीची वाटेल. बाबा वाचताना पाणी प्यायला किंवा पान उलटायला जरा जास्त थांबले की आई पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवायची. म्हणजे, हं, पुढे वाचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दारातच उभी राहिले. बाबांचे दोन्ही हात पांघरुणावर होते, मी मुद्दाम बघितले. अंगठी तर तुझ्या बायकोच्या बोटात आहे, इथून इतकी लांब. मग मी प्लंबरला बोलावलं. भिंतीतून पाइप जात असेल, गरम होऊन वाजत असेल, असा माझा हिशोब. त्याने भिंतीला कान लावला, ठोकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, या भिंतीत पाइपच नाही." त्याला चहा दिला. तो गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन मी रेडिओ मोठ्याने लावला. जे भिंगाखाली दिसत नाही ते नसतं असं मानत मी म्हातारी झाले, आणि आता दुपारच्या दोन टकटकींसाठी रेडिओ लावून बसते.

मला भीती वाटते ती आवाजाची नाही, बाबांची वाटते. टकटक झाली की ते मान वळवतात आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघून अगदी नम्रपणे, एखाद्या कचेरीतल्या कारकुनाने काम होणार नाही म्हणून सांगावं तसं सांगतात, "पानं जोडलेली आहेत गं. कापता येत नाहीत." थोड्या वेळाने पुन्हा तेच. कपाळावर घाम येतो त्यांच्या. मी त्यांना आजारी बघितलं, चिडलेलं बघितलं, तू गेलास तेव्हा गप्प झालेलंही बघितलं. घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

ते दिवस तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा सांगू दे. तू दहाचा होतास, मी चौदाची. आईची छाती पोखरत चालली होती. उठायची बंदी, बोलायची बंदी, आणि आपल्या आईला बोलायची बंदी म्हणजे काय हे आपल्यालाच ठाऊक. मग दुपारची पाळी बदलून घेऊन बाबा घरी यायला लागले आणि तिला वाचून दाखवायला लागले. पुस्तक इंग्रजी, आईला ते येत नव्हतं, म्हणून डोळे इंग्रजीवर आणि तोंडाने मराठी, न अडखळता. कसं जमायचं त्यांना देव जाणे. ती कादंबरी दोरे, सुया आणि बटणं विकणाऱ्या एका बाईची. खाली तिचं एका दाराचं दुकान, वर भाड्याची खोली, नवरा रेल्वेच्या कामावर लांब गेलेला. आपण तिला बटणवालीच म्हणायचो. आई तिच्याशी शेजारणीसारखी भांडायची. "तिला म्हणावं आधी ती खिडकी लाव. एवढ्या वाऱ्यात कुणी बसतं?" आणि ती बटणवाली पण खोकायला लागली तेव्हा आई खुशीतच आली, "अहो, हिला पण? बघू या हिचे डॉक्टर काय करतात ते."

वाचायची प्रत शेवटाला फाटलेली होती. बटणवाली दुकान बंद करून जिना चढते, वर जाताना मधेच कठड्याला धरून थांबते, आणि तिथे पानं संपली. आईने टकटक केली. बाबा म्हणाले, "पुढची पानं नाहीत." आई म्हणाली, "मग ते दुसरं काढा की, कपाटातलं. कापा." आपण दोघं दारात उभे होतो. त्या क्षणी बाबांनी खरंच कपाटाकडे बघितलं. म्हणाले, उद्या बघतो. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, ती प्रत कापायची नाही, मी दुसरी मागवतो, टपालाने येईल. आई रोज विचारायची आणि ते रोज तेच सांगायचे. तू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलास आणि विचारलंस, "पुस्तक मोठं की आई?" ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कापायचं नाही म्हणजे नाही." त्यानंतर तू त्यांना बाबा अशी हाक मारल्याचं मला आठवत नाही. टपालाने पुस्तक आलं तेव्हा आईचा पलंग रिकामा होता. तू ते पुडकं भिंतीवर फेकलंस. त्याचा एक कोपरा चेपलेला आहे. ते अजून कपाटावर आहे, सुतळीसकट. कुणी सोडलेलं नाही.

तू वसतिगृहात गेलास आणि मग गेलासच. मी तुला कधी दोष दिला नाही. खरं सांगू का, मीही त्यांना माफ केलं नव्हतं. फरक एवढाच की मी इथे राहिले. त्यांना औषध देताना, त्यांच्या शर्टांना बटणं लावताना कधीतरी मनात यायचं, एक सुरी फिरवली असती तर काय गेलं असतं या माणसाचं? मग मी दोरा दाताने तोडायची आणि कामाला लागायची.

या वर्षी त्यांनीच सांगितलं की संग्रह महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यायचा, एकत्र, फुटू द्यायचा नाही. तिथून जुन्या पुस्तकांची जाणकार बाई तपासायला आली. फार चांगली बाई, हात धुऊन, मऊ ब्रश आणि छोटा दिवा घेऊन बसली. एकेक पुस्तक काढायची आणि आनंदाने मान हलवायची. बाबा आतून ऐकत होते, मला विचारत होते, "आता कुठलं काढलं?" मग तिने बटणवालीचं काढलं, ती कोरी प्रत. कडेवरून बोट फिरवलं, थांबली, दिवा तिरका धरला. पुन्हा एकदा कड तपासली. मग मला म्हणाली, की सुरुवातीची पानं खरोखर मिटलेली आहेत, पण शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या घडीची पानं, कापलेला आहे. कापून पुन्हा चिकटवलाय, खळ आणि पातळ कागदाची पट्टी लावून. "काम फार सुरेख आहे," असंही म्हणाली. तिने वाईट मनाने म्हटलं नव्हतं, पण मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. कापलेली प्रत कोरी म्हणून खपवायची असली तर लोक असं करतात, हे तिने अहवालात लिहिलं. तो आपल्या दोघांना आला. आणि तुझी ती एक ओळ आली, "निदान पुस्तकांशी तरी इमानदार असतील असं वाटलं होतं."

मी ती ओळ बाबांना वाचून दाखवली नाही. पण तिने मला स्वस्थ बसू दिलं नाही. कारण खोटी प्रत खपवणारा माणूस ती विकतो, आणि यांनी ती कधी कुणाला दाखवलीसुद्धा नव्हती. शेवटी एका सकाळी मी जेवणाच्या टेबलावर ते पुस्तक घेऊन बसले. कापूस ओला करायचा, घट्ट पिळायचा, कडेला टेकवून धरायचा, खळ सुटेपर्यंत धीर धरायचा, मग हाडाची बोथट सुरी हळूच आत सरकवायची. बाबांनीच शिकवलेलं. या वयात, निवृत्त होऊन, पांढरे केस घेऊन मी टेबलाशी बसले होते आणि मागून कुणी ओरडेल म्हणून पाठ ताठ धरली होती. पानं सुटली. मी वाचायला लागले.

धाकट्या, ती मरते. त्या जिन्यावरच्या खोलीत, एकटी. नवरा येत नाही. आणि तो लेखक काही म्हणजे काही सोडत नाही. नखं कशी निळी पडतात, ओठ कसे वाळतात, थुंकीच्या भांड्यावर फडकं का टाकावं लागतं, बोलायला गेलं की घशात काय होतं, घरमालकीण दारात उभी राहून चादरीकडे कशी बघते. शेवटी खाली दुकानात कुणाची तरी पोरं बटणांचे खण उपसून सगळी बटणं एकमेकांत मिसळून टाकतात, आणि तिथे पुस्तक संपतं. मी आयुष्यभर रोग बघितलेत, पण ती पानं वाचताना मला दोनदा उठून खिडकीपाशी जावं लागलं. कारण आईचं जे पुढे झालं, आपण दोघांनी जे पाहिलं, ते जवळजवळ शब्दाला शब्द तिथे होतं. बाबांनी ते आधीच वाचलं होतं. ज्या दिवशी त्यांनी कपाटाकडे बघितलं आणि 'उद्या बघतो' म्हणाले, त्या दिवशी त्यांनी ते कापलं. आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक कापलं, वाचलं आणि मिटवून टाकलं. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक अंगठा उमटलेला आहे, खळीचा, पिवळा पडलेला. दोनदा हात धुणाऱ्या माणसाचा अंगठा.

पुस्तक लपवलं असतं तर आपण शोधून काढलं असतं. मी इंग्रजी वाचू शकत होते, आईने मला सांगितलं असतं आणि मी खुर्चीत बसून तिला ते सगळं वाचून दाखवलं असतं. हरवलं म्हणाले असते तर कुणाला पटलं नसतं. पण 'कापायचं नाही' म्हटल्यावर कुणाला शंका आली नाही, कारण ते त्यांना शोभणारंच होतं. तू म्हणशील, मग काहीतरी बरा शेवट रचून सांगायचा होता. मीही टेबलाशी बसून तेच म्हटलं. त्यांना येत नाही रे. जे छापलेलं नाही ते त्यांच्या तोंडून निघत नाही. आपल्याला निजवताना सुद्धा ते पुस्तक हातात धरून बसायचे, आठवतं? म्हणून मग त्यांनी जन्मभर आपल्या नजरेत पुस्तकाचा लोभी होऊन राहणं पत्करलं. ती पानं हातात घेऊन मी रडले. आईसाठी रडले की त्यांच्यासाठी, कुणास ठाऊक.

दुपारी मी त्यांना सांगितलं की मी ते उघडलंय. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "वाचलंस?" मी हो म्हटलं. तर आवाज खाली आणून म्हणाले, "मग तिला सांगू नकोस." मी त्यांचा हात धरून बसले. मग ते म्हणाले, आणि हे मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, "आता मी जाईन. गेल्यावर ती पहिलं हेच विचारेल. तिला काय सांगू मी?" ज्या माणसाने जन्मभर सांगितलं की मेल्यावर काही नसतं, तो त्या एका प्रश्नासाठी मरायला घाबरतोय. डॉक्टर म्हणतात शरीर कधीच थकलंय, कशाच्या जोरावर टिकून आहेत कळत नाही. मला कळतं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. आईने तेव्हा गप्प राहायला सांगितलं होतं. शेवटच्या दिवसांत तिने विचारणं बंद केलं होतं, टकटकही बंद केली होती, आणि एकदा मी तिची वेणी घालत असताना ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला कळला शेवट. धाकट्याने सांगितला. पण तुझ्या बाबांना बोलू नकोस. नवी प्रत आली की ते वाचतील, तेव्हा मी काही माहीत नसल्यासारखं करीन." मग हसली आणि म्हणाली, "यांचं पुस्तक, त्यातून ते वाचेनात. शेवट कसला असणार ते मला कळतं गं. म्हणून तर धाकट्याला विचारलं." शेवटचं ते मला तेव्हा औषधाच्या गुंगीतलं वाटलं. ती गुंगीत नव्हती. तुला वाटलं असेल, बाबांनी नाकारलं ते तू मनाने रचून, चोरून दिलंस. तिने ते मुद्दाम तुझ्याकडून मागून घेतलं होतं. परवा मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते ऐकत राहिले, चेहरा जरा सैल झाला, आणि मग त्यांनी विचारलं, "कोणता शेवट? काय सांगितलं त्याने?" आणि मला ते माहीत नाही. तू सांगत होतास तेव्हा मी दाराबाहेर होते, मला फक्त तुझा आवाज ऐकू येत होता आणि आईचा हसल्यासारखा खोकला. मी तसं म्हटलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं मी त्यांची समजूत घालतेय. तेव्हा तू ये. माझ्यासाठी नको, पुस्तकांसाठी तर नकोच. येऊन त्या खुर्चीत बस आणि बटणवाली जिना चढते तिथून त्यांना पुढचं सांग, म्हणजे तिकडे जाताना त्यांच्याजवळ सांगायला काहीतरी असेल. सगळं आठवत नसलं तरी नवीन रचू नकोस, त्यांना लगेच कळेल, शेवटी प्रूफं तपासणारा माणूस आहे. दहा वर्षांच्या पोराने चुकतमाकत जे सांगितलं होतं तेच सांग, चुकांसकट. आज दुपारी पुन्हा टकटक झाली. मी रेडिओ लावला नाही. खोलीत गेले आणि म्हटलं, जरा थांब आई, तो येतोय.

तुझीच, अजूनही जिन्यात तुझी पावलं ओळखणारी,
ताई